दोन बोटं, एक सा

माझा स्टुडिओ राईस मिलच्या मागे आहे, हे ऐकून लोक आधी हसतात. हसा बापा! गोंदियात राईस मिलच्या मागे, पुढे किंवा बाजूला नसलेली जागा मला दाखवा, मी उद्याच बिऱ्हाड हलवतो. धानाचा हंगाम सुरू झाला की मिलची घरघर भिंतीतून, जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून वर चढते आणि थेट माइकमध्ये जाऊन बसते. एखादी बाई छान अंगाई गाते आणि मागून कोणी दळण दळतंय असं वाटतं. मी भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, गाद्या लावल्या, घरातली जुनी सतरंजी लावली. बायको म्हणाली, "आता मलेही चिकटवून द्या भिंतीले." मिल काही थांबली नाही.

म्हणून मी मिडीच्या नादी लागलो. मिडीत मिल ऐकू येत नाही!

आता हे मिडी काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं की मी मोबाइल दुरुस्त करतो. मिडी म्हणजे आवाज नव्हे. तुम्ही कीबोर्डवर बोट ठेवलं की कीबोर्ड लॅपटॉपला एवढंच कळवतो: अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली. बोट उचललं की पुन्हा कळवतो: ती पट्टी सोडली. बस्स. त्या निरोपावरून बासरीचा, पेटीचा, सनईचा, पाहिजे तो आवाज काढायचं काम लॅपटॉपचं. पडद्यावर प्रत्येक सूर एका आडव्या रेघेसारखा दिसतो. रेघ जितकी लांब तितका वेळ सूर चालला, जितकी वर तितका सूर उंच. वाजवणारा वाजवून चहा प्यायला जातो आणि मी त्या रेघा ओढत, कापत, जोडत बसतो. हाच माझा धंदा. आधी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो, आता केस पिकले आणि रेघा राहिल्या.

या धंद्यातली सगळ्यात खट्याळ गोष्ट म्हणजे एकावर एक चढलेले सूर. दोन वेगळे सूर एकमेकांवर आले तर काही बिघडत नाही, त्यालाच तर संगीत म्हणतात. भानगड होते ती एकाच सुराच्या दोन रेघा एकमेकींवर चढल्या की. पहिला 'प' अजून संपला नाही आणि दुसरा 'प' सुरू झाला. लॅपटॉपकडे निरोप येतात: प दाबला, प दाबला, प सोडला. आता कोणता सोडला? पहिला की दुसरा? बिचारा गोंधळतो. काही वाद्यं दोन्हींचा गळा दाबतात आणि सूर मध्येच मरतो. काही वाद्यं उलटं करतात, एक सोडतात आणि दुसरा धरून बसतात, तो सुटतच नाही.

न सुटणाऱ्या सुराची गोष्ट आधी सांगतो, कारण ती आठवली की मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. कोहमाऱ्याला एक लग्न होतं. मंगलाष्टकांसाठी मागे वाजायचा ट्रॅक मी केला होता, मंडपवाल्याच्या लॅपटॉपवर चालू करून दिला, आणि पोटात कावळे ओरडत होते म्हणून जेवायला बसलो. पुरीचा पहिला घास तोंडात, तोच कान टवकारले. अरे, हा 'प' काऊन थांबून नाही राहिला? ट्रॅकमध्ये एक ओळ मी उचलून पुढे चिकटवली होती, तिच्या शेवटच्या 'प'ची शेपटी पुढच्या 'प'वर चढली होती. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, फटाके फुटले, नवरदेवाला खांद्यावर उचललं, आणि 'प' आपला चालूच. मी खरकट्या हाताने पळत गेलो. वाटेत नवरीच्या मामाने मला धरलं आणि मिठीच मारली. म्हणाला, "वा भाऊ वा! आतापर्यंत लय लग्न पाहिले, पण असा सूर धरून ठेवणारा मानूस नाई पाहिला!" मी म्हटलं, "आशीर्वाद आहे तुमचा," आणि सगळे सूर एका झटक्यात बंद करणारं बटण दाबलं. मामा हिरमुसला.

दुसरा नमुना दरेकशाकडचा एक धुमाळवाला. वरातीत गाडीवर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बांधून, पुढे ढोल-ताशे घेऊन जो ताफा नाचवतो, त्याला आमच्याकडे धुमाळ म्हणतात. हा गडी लॅपटॉप काखोटीला मारून आला. "भैया, आवाज में दम ही नहीं है!" मी फाइल उघडून पाहतो तर एकाच ट्रॅकवर तीच धून त्याने तीनदा टाकलेली, एकावर एक. आवाज मोठा व्हावा म्हणून! सूर एकमेकांचे पाय ओढून राहिले होते, अर्धे तुटत होते, उरलेले नाकात बोलल्यासारखे वाजत होते. मी चिडून म्हटलं, "अबे, शेताच्या एकाच बांधीत तीनदा रोवणी केली तर तिप्पट धान होते का?" तो जराही वरमला नाही. म्हणाला, "नाई होत. मंग तुमच्या बांधीत खत कोनतं टाकाचं ते सांगा ना!" मला असलं गिऱ्हाईक फार आवडतं. त्याचा आवाज मी मोठा करून दिला, रेघा मात्र एकपदरीच ठेवल्या.

पण मला खरं सांगायचं आहे ते दोघी जावांचं. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण आनंदाने खुर्चीवरून उडी मारावी असे दिवस किती आले म्हणता? त्यातला हा एक नंबरचा!

शेवंताबाई थोरली जाऊ आणि प्रतिभा धाकटी. गाव अर्जुनी मोरगावच्या पलीकडे. त्या भागातल्या जयंतीच्या कार्यक्रमांत, विहारांत, लग्नांत दोघींची गाणी पंचक्रोशीला माहीत. आणि प्रसिद्ध कशासाठी? एका पेटीवर दोघी वाजवतात म्हणून! घरात पेटीच एक होती. शेवंताबाई ती माहेरून घेऊन आलेली. प्रतिभा लग्न होऊन घरात आली तेव्हा थोरलीने तिला शेजारी बसवून घेतलं. शेवंताबाईचा डावा हात भात्यावर, उजवा खालच्या सुरांवर. तिच्या उजव्या बाजूला प्रतिभा, वरच्या सुरांवर. पुढे चुली वेगळ्या झाल्या, अंगण एकच राहिलं, आणि पेटीही एकच राहिली.

त्यांच्या वाजवण्यात एक खास गोष्ट होती. धृपद शेवंताबाई वाजवायची आणि मधल्या 'सा'वर आणून थांबवायची. पुढचं कडवं प्रतिभा त्याच 'सा'पासून उचलायची. पण सूर तुटू द्यायचा नाही. म्हणून थोरलीचं बोट 'सा'वर असतानाच धाकटी त्याच पट्टीवर आपलं बोट ठेवायची, आणि मग थोरली आपलं बोट हळूच काढून घ्यायची. पट्टी खालीच. सूर अखंड. याला त्या 'सूर हाती देणं' म्हणायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पेटी काय, पट्टी दाबलेली आहे तोवर गाते, कोणाचं बोट आहे हे ती विचारत नाही.

एक दिवस दोघी बल्लारशाहच्या लाइनवरच्या गाडीने गोंदियाला आल्या. "जय भीम भाऊ" झालं, चहा झाला. गावात नवीन विहार बांधून पूर्ण झालं होतं, त्याच्या उद्घाटनाला म्हणायचं गाणं रेकॉर्ड करायचं होतं. गाणं शेवंताबाईचं स्वतःचं. विहारासाठी कोणी विटा दिल्या, कोणी रेती, कोणी नुसते हात दिले, असं साधं गाणं. पेटीचा भाता फाटला होता. प्रतिभाच्या मुलाने पुण्याहून दोन कीबोर्ड आणि एक लॅपटॉप पाठवला होता. त्या कीबोर्डना स्वतःचा आवाज नव्हता, पेटीचा आवाज लॅपटॉपमधून निघायचा. स्टेजवर दोघी आता वेगवेगळ्या कीबोर्डवर, लोकांकडे तोंड करून बसायच्या. शोभा वाढली होती. तेच कीबोर्ड आणि तोच लॅपटॉप त्या सोबत घेऊन आल्या होत्या.

मी वायरी जोडत असताना शेवंताबाई सहज बोलावं तसं बोलली, "चांगलं भरून घ्या भाऊ. उद्घाटनात वाजवतो, मंग मी बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजे बंद. माया हात गेला आता. प्रतिभा वाजवन एकटी."

प्रतिभा खिडकीबाहेर पाहत होती. मी विचारलं, "काय झालं?" तर तीच बोलली, खालच्या आवाजात. "भाऊ, मागच्या तीन-चार कार्यक्रमांत सूर तुटून राहिला. धृपद संपलं का मी सा धरतो, ताई बोट काढते, आन सूर मरते. भर सभेत. मीच म्हटलं ताईले, का तुमचं बोट लवकर सुटून राहिलं. मले का माहीत, ताई एवढं मनाले लावून घेईल."

"खोटं नाई बोलली ते," शेवंताबाई म्हणाली. "मी बोट उचललं का सूर जाते. रोज पाहून राहिलो ना मी. बोटाले आता समजत नाई, कधी सोडाचं त."

मला कसंतरीच झालं. मी आजवर नाटकांना, मंडळांना कितीतरी तयार ट्रॅक करून दिले, आणि त्या ट्रॅकमुळे पेटीवाल्यांना खुर्ची सोडून उठताना पाहिलं. आता ही बाईही उठणार होती, तेही स्वतःच्या बोटावरचा विश्वास गेला म्हणून.

रेकॉर्डिंग सुरू केलं. धृपद काय वाजवलं बाईनं! हात गेला म्हणते! प्रत्येक सूर जिथल्या तिथे. मग 'सा' आला. प्रतिभाने आपल्या कीबोर्डवर 'सा' धरला, शेवंताबाईने बोट उचललं, आणि सूर गप्प. एकदम. तोंडावर हात ठेवल्यासारखा. शेवंताबाईने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली, पाहिलं ना, असं.

मी पडदा पाहिला. आणि बाप्पा रे, मी खुर्चीतच ताठ झालो! शेवंताबाईची रेघ लवकर संपलीच नव्हती. प्रतिभाची रेघ सुरू झाल्यानंतरही ती चांगली बोटभर पुढे गेली होती. तिने बोट अगदी वेळेवर उचललं होतं, पेटीवर उचलायची तसंच. दोन 'सा' एकावर एक चढले होते!

हाताला सवय म्हणून मी आधी तयार आज्ञा दिली: चढलेले सूर काढून टाक. सॉफ्टवेअरने पहिली रेघ दुसरीच्या तोंडाशी कापली. वाजवून दाखवलं. सूर तुटत नव्हता, पण जोडाच्या जागी नवीन 'सा' ठक्कन सुरू होत होता, चालताना ठेच लागावी तसा. शेवंताबाईने लगेच पकडलं.

"हा माया सूर नोहे. तुमी कापून-जोडून माया दोष झाकून राहिले."

"दोष नाहीच आहे बाई!"

"मले उगी समजवू नका. लहान पोरीवानी."

झालं! बाई हटून बसली. मी रेघा दाखवल्या, तर म्हणाली, "ह्या रंगीत काड्यांतून मले का समजते?" मी दोन रेघा जोडून एक अखंड 'सा' केला, अगदी पेटीसारखा वाजला. ती म्हणाली, "कम्प्युटरनं वाजवला, मी नाई." तिचंही बरोबर होतं. उद्घाटनाला तर मी शेजारी बसून रेघा जोडणार नव्हतो. आणि तिला गाणं दुरुस्त होऊन नको होतं, तिला तिचं बोट परत पाहिजे होतं.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मी ओरडलोच, "बाई, दोघी पुन्हा बसा! आता मी सांगतो तसं उलटं करा!"

"कायले ओरडून राहिले भाऊ?"

"बसा तर खरं! बाई, तुम्ही सा धरा आणि काही झालं तरी बोट उचलायचं नाही. प्रतिभाताई, तुम्ही तोच सा तुमच्या कीबोर्डवर धरा, आणि मग तुम्ही सोडा."

शेवंताबाईने 'सा' धरला. पेटीचा आवाज खोलीत भरला. प्रतिभाने तिच्या कीबोर्डवर 'सा' धरला. मी हात वर केला. प्रतिभाने बोट उचललं.

सूर मेला.

शेवंताबाई तशीच बसलेली. बोट पट्टीवर दाबलेलं, नखाखालची कातडी पांढरी पडलेली. खोलीत फक्त मिलची घरघर. ती बोटाकडे पाहते, लॅपटॉपकडे पाहते, पुन्हा बोटाकडे.

"माया बोट त इथंच आहे," ती म्हणाली.

"तेच तर!" मी नाचायचाच बाकी होतो. "बोट इथंच आहे आणि सूर गेला! कोणी घालवला?"

"मी उचललं," प्रतिभा म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले. "ताई, मी उचललं आन तुमचा सूर गेला!"

मग मी समजावून सांगितलं. पेटीवर एक पट्टी आणि दोन बोटं होती. शेवटचं बोट उठेपर्यंत पट्टी खाली. इथे कीबोर्ड दोन, पण दोघींचे निरोप एकाच वाटेने लॅपटॉपकडे जातात. सा दाबला, सा दाबला, सा सोडला. कोणाचा सोडला हे त्याला कळतच नाही, तो सरळ सूर बंद करतो. कार्यक्रमात आधी बोट उचलायची पाळी दर वेळी थोरलीची, म्हणून दर वेळी आळ थोरलीवर. पोराने प्रेमाने सगळं जुळवून पाठवलं होतं, फक्त दोघींना एकाच वाटेवर घातलं होतं.

प्रतिभा ढसाढसा रडायला लागली. "मी तुमाले बोललो ताई. तुमचं बोट सुटते म्हटलं."

शेवंताबाईने तिच्या डोक्यावर एक टपली मारली. "मंग? कानाले जे ऐकू आलं ते बोलली. मलेही तसंच ऐकू आलं ना?" आणि मग तिला असं हसू फुटलं! पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. "अवो, मी घरी रोज बोटाले तेल चोळून राहिलो होतो! गरम करून!"

पुढचं काम सोपं होतं. मिडीत अशा सोळा वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. शेवंताबाईचा कीबोर्ड पहिल्या वाटेवर टाकला, प्रतिभाचा दुसऱ्या. पेटीचाच आवाज, पण दोघींना स्वतंत्र दिला. आता एकीने सोडलेला 'सा' दुसरीच्या 'सा'ला हात लावू शकत नव्हता.

"म्हंजे आमाले वेगळं काढलं," शेवंताबाई म्हणाली.

"आवाजापुरतं, बाई."

"असू द्या. चुली वेगळ्या केल्या तवापासूनच आमी नीट राहून राहिलो."

वाजवून पाहिलं. सूर हाती दिला, हाती घेतला, कुठे ठेच नाही की खंड नाही. मी एकही रेघ कापली नाही. मिलवाल्याचा दिवाणजी खिडकीशी येऊन उभा राहिला होता, त्याने तिथूनच टाळ्या वाजवल्या.

पण "मी बंद" हे शब्द शेवंताबाईने मागे घेतले नव्हते. जाताना मी विचारलं तर म्हणाली, "पाहू. हात चांगला आहे हे समजलं, लय झालं. पन कधी न कधी त सोडाच लागते ना भाऊ, धाकटीले पुढं करा लागते."

उद्घाटनाला मी गेलो. वायर कोणी उलटसुलट जोडेल, असं कारण घरी सांगितलं. खरं कारण तुम्हाला माहीत आहे. नवीन विहाराला चुन्याचा वास येत होता, सकाळचं ऊन पायऱ्यांवर होतं, सगळा गाव पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली आणि दोघी कीबोर्डसमोर बसल्या. मी अगदी पुढे, लॅपटॉपशेजारी. छाती अशी धडधडत होती की मलाच वाजवायचं आहे की काय!

धृपद आलं, विटांचं, रेतीचं. म्हाताऱ्या बाया ओठ हलवत होत्या. धृपद 'सा'वर आलं. प्रतिभाने 'सा' धरला. मी शेवंताबाईच्या बोटाकडे पाहत होतो. आता उचलेल. आता.

नाही उचललं.

प्रतिभाने कडवं सुरू केलं, वर गेली, फिरून त्याच 'सा'वर आली, तो सोडला, पुन्हा धरला, आणि थोरलीचा 'सा' खाली अखंड चालू. प्रतिभाने चमकून पाहिलं. शेवंताबाई समोर पाहून गात होती, बोट तिथेच. जुन्या पेटीवर हे होऊच शकलं नसतं. तिथे पट्टी एक, थोरलीने बोट काढलं तरच धाकटीला ती पुन्हा वाजवता यायची. म्हणून इतकी वर्षं तिला दर वेळी उचलावं लागलं होतं. पुढचं कडवं, त्याच्या पुढचं कडवं, बोट तिथेच. गाणं संपलं तेव्हा दोघींनी मिळून 'सा' सोडला आणि लोक उठून उभे राहिले. मी तर आधीच उभा होतो.

जेवणाच्या पंगतीत ती वाढायला आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, बोट उचललं नाही तुम्ही!"

तिने माझ्या पानात भाताचा मोठा डाव टाकला.

"काऊन उचलू?" ती म्हणाली. "आता कोनाची जागा अडवून त नाई राहिलो ना मी."